त्रेचाळीस मिलिमीटर

"आठ मिलिमीटर कमी," एकेहार्ट टीलमान म्हणाला आणि पोलादी पट्टी खिशात टाकली. "नापास."

लिंडेनबाखच्या व्यायामशाळेत तेवीस माणसं गुडघ्यापर्यंतचे लोकरी अंगरखे घालून रांगेत उभी होती. कुणी खाटीक, कुणी विम्याचा एजंट, कुणी रेल्वेत सिग्नलवर. महिन्यातल्या एका शनिवारी ही मंडळी रोमन सैनिक व्हायची, आणि त्याआधी टीलमान त्यांना तपासायचा. शिवण हाताची आहे का, खिळे घडीव आहेत का, चपलेच्या तळाला कुणी गुपचूप रबर तर लावलं नाही. निवृत्त लॅटिन मास्तर. ही हौशी तुकडी त्यानंच काढलेली, सदतीस वर्षांपूर्वी. मागे सगळे त्याला 'पोप' म्हणत. तोंडावर मात्र नुसतं एकेहार्ट, अरे-तुरे. छावणीत 'अहो' चालायचं नाही, हा नियमही त्याचाच.

रांगेच्या टोकाला फोल्कमार कुंकेल उभा होता. टपाल वाटणारा, गरीब स्वभावाचा, भुंकणाऱ्या कुत्र्यालाही आधी नमस्कार घालणारा. नापास झाला तो त्याच्या कमरेचा पट्टा. पट्टा केला होता त्याच्या थोरल्या बहिणीनं, रोस्वितानं, आणि ती समोरच्या बाकावर मांडीवर मसुराचं ताट घेऊन बसली होती.

"काय चुकलं ते नीट सांग," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "शिवण?"

"शिवण उत्तम."

"कल्हई?"

"अशी कल्हई मी आजवर पाहिली नाही."

"मग?"

"पत्र्यांची रुंदी एक्कावन्न पाहिजे. ही त्रेचाळीस आहे. तुला कागद दिला होता, रोस्विता. कागदावर एक्कावन्न आहे."

"कागद चुकलाय."

रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग एगोन खाटीक पुटपुटला, "झालं. आज जेवण चारला."

टीलमान हसला. वर्गातल्या ढ पोरीला हसावं तसं. त्यानं फोल्कमारला दाराकडे बोट दाखवलं. ज्याचं सामान नापास, त्यानं पट्टा सोडून तासभर दारात उभं राहायचं. पट्टा सुटला की अंगरखा पोटरीपर्यंत लोंबतो आणि सैनिक दवाखान्यातून पळून आलेल्या रोग्यासारखा दिसतो. खऱ्या रोमन सैन्यात ही शिक्षा होती म्हणे. ती टीलमानच्या फार आवडीची.

फोल्कमार गेला आणि उभा राहिला. रस्त्यावरून कुत्रा घेऊन चाललेली एक बाई थांबली. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? कुणाला फोन करू?"

"नको नको," फोल्कमार म्हणाला. "मी सैन्यात आहे."

रोस्वितानं ताट बाकावर आपटलं. मसूर उडाले, सगळ्या फरशीभर झाले. तिनं एकही उचलला नाही.

रोस्विता कुंकेल त्रेसष्ट वर्षांची. पंधराव्या वर्षी ओफेनबाखच्या एका पर्सच्या कारखान्यात लागली आणि बावीस वर्षं तिथं कातडं कापलं, सोललं, शिवलं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी गायीच्या पाठीचं कातडं कुठलं आणि पोटाचं कुठलं ते तिला कळायचं. तिनं केलेल्या पर्स मोठमोठ्या बायकांच्या खांद्यावर गेल्या. आत सोनेरी छाप असायची, ती मालकाच्या आडनावाची. कापणारीचं नाव कुठेही नसतं. कारखाना बंद पडला, यंत्रं परदेशी गेली, मालक डोंगरातल्या बंगल्यात राहायला गेला, आणि रोस्विता सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसून चोवीस वर्षं लोकांची केळी तोलत राहिली. रापी, आऱ्या, मेण लावलेला दोरा, सगळं तळघरातल्या पेटीत.

मागच्या साली तुकडीचा जुना चामडेवाला गेला. जूनमध्ये लिंडेनबाखच्या किल्ल्यावर दोन दिवसांचा मोठा मेळा भरतो, त्यात कारागिरांच्या तंबूंची एक ओळ असते. लोहार, कुंभार, मोचीकाम. मोचीकामाचा तंबू रिकामा पडला. फोल्कमारनं भीत भीत बहिणीचं नाव सुचवलं. टीलमान म्हणाला, हरकत नाही. एक पट्टा करून आणा, पहिल्या शतकातला, सैनिकाचा, माझ्या तपासणीत पास झाला पाहिजे. झाला तर तंबू तिचा, बाक तिचा, बाहेर पाटीवर नाव तिचं. नाही झाला तर बाकीच्या बायकांबरोबर नागरी छावणीत बसा आणि मसूर निवडा. तुकडीत सैनिकांच्या बायका, बहिणी, आया शाली पांघरून चुलीपाशी बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की रोमन लोक बटाटा खात नव्हते.

रोस्विताला तंबू हवा होता. उगाच लाजत-मुरडत नाही, सरळ हवा होता. आयुष्यात एकदा पाटीवर आपलं नाव आणि खाली आपले हात.

टीलमाननं दिलेला कागद म्हणजे एका जुन्या संशोधनग्रंथातल्या चित्राची झेरॉक्स. पट्ट्यावरचे नक्षीचे पत्रे, बिजागरीचं बक्कल, खंजीर अडकवायची दोन गोल, बटणासारखी बिरडी. सगळं नदीच्या गाळातून निघालेलं. खाली क्रमांक, वस्तू चारशे सतरा, आणि शेजारी छापलेलं: मूळ आकारात, एकास एक. तुकडीचे सगळे पट्टे याच कागदावरून झाले होते. शेजारच्या दोन तुकड्यांनीही इथूनच नेला होता.

पहिल्या संध्याकाळी ती कागद घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. फोल्कमार समोर अंडी, बटाटे आणि हिरवी चटणी खात होता.

"तुझा खंजीर दे."

"जेवताना?"

"दे म्हणते ना."

तिनं खंजिराच्या म्यानाची कडी चित्रातल्या बिरड्यावर ठेवली. बिरडं कडीतून जायला हवं. कडीच्या आतल्या कडांवर कानशीचे ओरखडे होते.

"ही कुणी घासली?"

"सगळेच घासतात. नवीन खंजिराची कडी बिरड्यावर बसतच नाही. एकेहार्ट म्हणतो, रोमन लोक मुद्दाम तसं करायचे, पळताना खंजीर पडू नये म्हणून. त्यावर त्यानं लेख पण लिहिलाय. दोन पानी."

"आणि खंजीर कुठले?"

"वेगवेगळे. माझा बोहेमियातल्या लोहाराचा. एगोनचा पोलंडहून. दोघा-तिघांनी इटलीतून मागवले."

"आणि सगळ्यांच्या कड्या लहान?"

"हो. सगळ्यांच्या सारख्याच."

रोस्वितानं कागदावर बोट ठेवलं. "म्हणजे तीन देशांतले लोहार, एकमेकांचं तोंड न बघितलेले, एकच चूक करतात. आणि एका कागदावरून केलेले तेवीस पट्टे बरोबर. असं?"

फोल्कमारनं बटाटा चावायचा थांबवला. "रोसी, असं काही बोलू नकोस हं तिथं."

"का? कानस तुम्ही मारली कडीवर. मारायला हवी होती कागदावर."

तिला दुसरी गोष्टही खुपत होती, पण ती हातांची होती, शब्दांत सांगता येण्यासारखी नव्हती. रोमन सैनिक दोन पट्टे बांधायचा, एक तलवारीचा, एक खंजिराचा, कमरेवर एकमेकांना छेद देऊन. एवढे रुंद दोन पट्टे माणसाच्या हाडावर सपाट बसत नाहीत. वाकला की कड बरगडीत घुसते. ज्यानं रोज पट्टा बांधला, त्यानं असला पट्टा करणाऱ्याच्या तोंडावर फेकला असता. ग्रंथ लिहिणाऱ्याला हे कळत नाही, कारण तो वाकत नाही.

म्हणून ती वस्तू ज्या संग्रहालयात होती, तिथं तिनं पत्र लिहिलं. साधं, चार ओळींचं. वस्तू चारशे सतरा मला मोजायची आहे, मी कातडं कापणारी आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं. संग्रहाच्या प्रमुख डॉक्टर हॅगेले नावाच्या, मातीनं नखं काळी झालेल्या पन्नाशीच्या बाई. त्यांनी खोकं उघडलं, हातमोजे दिले आणि सांगितलं, "वाकवू नका, बाकी काय हवं ते करा." रोस्वितानं कॅलिपर लावला. त्रेचाळीस. दुसऱ्या पत्र्याला लावला. त्रेचाळीस. बिरडं पंधरा, कागदावर अठरा. तिनं मान हलवली आणि घरी येऊन पितळ कापायला घेतलं.

अकरा आठवडे लागले. पितळेचा पत्रा कानशीनं घासून घासून हव्या त्या जाडीला आणला. नक्षी हातोडीनं पाडली. ओकच्या सालीत कमावलेलं वासराचं कातडं दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा मनासारखं आलं. मग कल्हई. ती तिनं गच्चीवर कोळशाच्या शेगडीवर केली. पत्रा तापला की नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट, लगेच कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा. पिवळा पत्रा डोळ्यांदेखत चांदीसारखा उजळतो. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यातून ओरडली, "रोस्विता, तुमच्याकडे काय जळतंय?"

"दोन हजार वर्षांपूर्वीचं सैन्य!"

"मग त्यांना सांगा, धूर खाली सोडू नका!"

तुकडीतल्या निम्म्या लोकांचे पट्टे हिरवट, काळपट. करून घेतल्यावर त्यांनी ते अमोनियाच्या वाफेवर धरले होते, संग्रहालयातल्यासारखे दिसावेत म्हणून. अरे, संग्रहालयात ते मेलेले आहेत. सैनिकाच्या कमरेला ते चमकत होते. तो पगार अंगावर घालून मिरवायचा, त्याला गाळातनं काढल्यासारखं दिसायचं नव्हतं. पण पुस्तकात रंगीत फोटो होता, आणि फोटोत हिरवट होतं, म्हणजे हिरवटच खरं. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा असा पक्का असतो, त्याला तळटीप असते.

आणि आता, अकरा आठवड्यांनंतर, पास करायला बसलेल्या माणसानं पट्टी लावली आणि आठ मिलिमीटर म्हणाला.

शिक्षा संपली. फोल्कमार अवघडलेले पाय ओढत आत आला. बाकीचे चीज आणि कांद्याच्या ताटांकडे वळले, सफरचंदाच्या वाइनची सुरई फिरू लागली. टीलमान रोस्विताच्या बाकावर येऊन बसला. आवाज मऊ केला.

"हे बघ. तू कारागीर आहेस, मला मान्य आहे. मेळ्याला तीन आठवडे आहेत. पत्रे नवे काप, एक्कावन्नचे. बाकी काही बदलू नकोस. तंबू तुझा. आजच पाटी रंगवायला टाकतो."

तंबू तिथंच होता, हात लांब केला की मिळण्यासारखा. तीन आठवडे पुरले असते. पत्रे कापायला काय लागतं?

"मी संग्रहालयात जाऊन मोजलंय, एकेहार्ट. त्रेचाळीस आहे."

"तू मोजलंस." तो थांबला. "कॅलिपर नीट लावता येतो ना?"

एगोन खाटकानं घास तोंडाशी नेता नेता हात खाली घेतला. "एकेहार्ट, बाईनं बावीस वर्षं कातडं कापलंय."

"मी फक्त विचारलं. कागदावर एकास एक छापलंय. ग्रंथ लिहिणारा माणूस या विषयातला देव होता. तो चुकेल आणि आपण बरोबर?"

"तो चुकला नसेल," रोस्विता म्हणाली. "तुझा कागद चुकलाय. तू कधी खरी वस्तू बघितलीस?"

"काचेतून. अनेकदा."

"काचेतून मी पण खूप पर्स बघितल्या, माझ्याच. शनिवारी चल माझ्याबरोबर. तुझा पट्टा घालून चल. एक्कावन्न निघालं तर मी सगळ्यांसमोर माफी मागते, आणि मरेपर्यंत मसूर निवडते. आणि त्रेचाळीस निघालं तर तू सगळ्यांसमोर तसं सांगायचं."

नाही म्हणायला जागाच नव्हती. तेवीस माणसं चीज खायची थांबून बघत होती. आणि खरं सांगायचं तर टीलमानला नाही म्हणायचंही नव्हतं. सदतीस वर्षं ज्याचा शब्द पडू दिला नाही कुणी, तो माणूस घाबरत नाही. त्याला भीतीची सवयच राहिलेली नसते.

शनिवारी फोल्कमार गाडी चालवत होता, टीलमान पुढे, रोस्विता मागे. टीलमाननं वाटेत बक्कलांच्या बिजागरीवर अर्धा तास सांगितलं. चांगलं सांगितलं, हेही खरंच. रोस्विता ऐकत होती. माणसाला खूप येत होतं. मोजायचं तेवढं राहिलं होतं.

डॉक्टर हॅगेलेंनी खोकं टेबलावर ठेवलं. टीलमाननं कोट काढला. आत शर्टावर त्यानं खरोखरच पट्टा बांधला होता, तुकडीतला, सदतीस वर्षं वापरलेला. तो सोडून त्यानं खऱ्या पत्र्याशेजारी ठेवला.

कुणाला काही मोजावं लागलं नाही. आंधळ्यालाही दिसलं असतं. एक बापाचा पट्टा होता आणि एक पोराचा, नक्षी मात्र ठिपक्याला ठिपका तीच.

"हा दुसरा असेल," टीलमान म्हणाला. "लहान मापाचा. अधिकाऱ्याचा मोठा असायचा, सैनिकाचा..."

"चारशे सतरा," डॉक्टर हॅगेले म्हणाल्या. "डाव्या कोपऱ्यातला ओरखडा तुमच्या पट्ट्यावरही आहे. तो फावड्याचा आहे. १९११ साली मजुराचं फावडं लागलं होतं."

फोल्कमारनं वाकून बघितलं. तो ओरखडा तुकडीतल्या तेवीस पट्ट्यांवर होता, दर वेळी नव्यानं, काळजीपूर्वक छिन्नीनं पाडलेला. फोल्कमारच्या जुन्या पट्ट्यावर सुद्धा. दोन संध्याकाळी घालवल्या होत्या त्यानं त्यावर. तो हसू दाबायला खोकला, आणि खोकता खोकता लाल झाला.

बाईंनी कपाटातून ग्रंथ आणला. टीलमाननं घडीचा कागद काढला आणि उघड्या पानावर ठेवला. कागद पानाच्या चारी बाजूंनी बाहेर आला. चित्र तेच, अक्षरं तीच, फक्त सगळं थोडं फुगलेलं. खालचं 'एकास एक' सुद्धा फुगलं होतं.

"कुठं झेरॉक्स केली होती?" बाईंनी विचारलं.

"शाळेत. सत्याऐंशी साली. ग्रंथ दोन दिवसांसाठी मिळाला होता."

"मशिननं लहान पान मोठ्या कागदावर भरून काढलं. त्या काळच्या मशिनवर तसं बटण असायचं. एकशे एकोणीस टक्के." त्यांनी खांदे उडवले. "तुम्ही पहिले नाही. माझ्याकडे एक तुकडी शिरस्त्राणं घेऊन आली होती, सगळी दहा वर्षांच्या मुलांच्या मापाची."

टीलमान पट्टा परत बांधू लागला, पण बक्कल लागेना. हात हट्टानं चुकत होते. शेवटी त्यानं पट्टा गुंडाळून बगलेत धरला, डॉक्टर हॅगेलेंचे आभार मानले आणि कोट विसरून बाहेर पडला. कोट फोल्कमारनं आणला.

ते परत निघाले. अर्ध्या वाटेत टीलमाननं पेट्रोल पंपावर थांबायला सांगितलं, उतरला, हवेच्या नळाशी पाच मिनिटं नुसता उभा राहिला आणि परत येऊन बसला. मागे वळून न बघता म्हणाला:

"फ्राउ कुंकेल, तुम्ही बरोबर होतात."

फोल्कमारच्या हातून गाडी जराशी वळली. फ्राउ, म्हणजे बाईसाहेब, आणि वर तुम्ही! तुकडीत सदतीस वर्षांत कुणी कुणाला तुम्ही म्हटलं नव्हतं. अरे-तुरेवरून अहो-जाहोवर जाणं म्हणजे दार तोंडावर लावणं.

"माझी एक विनंती आहे. मेळा पंधरा दिवसांवर आहे. एवढे पट्टे आता बदलता येणार नाहीत. आणि आमच्या कागदावरून दोन तुकड्यांनी केलेत, त्याही येणार आहेत. मेळा होऊ द्या. तंबू तुम्हाला दिला, आजच, कुठलीही अट नाही. शरद ऋतूत मी स्वतः सगळ्यांना सावकाश समजावून सांगेन."

पुन्हा तंबू. या वेळी पत्रेही कापायला नकोत, नुसतं गप्प बसायचं. फोल्कमार आरशातून बहिणीकडे बघत होता. त्याचे डोळे म्हणत होते, घे गं, घे ना.

"म्हणजे मी पाटीखाली बसायचं," रोस्विता म्हणाली, "आणि समोरून तेवीस चुकीचे पट्टे जाताना लोकांना सांगायचं, बघा, किती अस्सल. बावीस वर्षं मी मालकाच्या नावाखाली खरं काम केलं. आता माझ्या नावाखाली खोटं काम करू? तुम्हाला काय वाटलं, मला तंबूचं कापड हवंय? कापड मी स्वतः शिवू शकते."

"तुम्ही समजून घेत नाही. लोक हसतील."

"हसू देत. मेळ्याआधीच्या जादा तपासणीला सांगायचं. तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार, आणि मी सांगितलं तर ते फावडं सुद्धा सांगणार. फोल्कमार, गाडी चालव, आपल्याला मासे घ्यायचेत."

 त्या रात्री रोस्विताला छान झोप लागली. टीलमान काय करेल याची तिला खात्री नव्हती. आपण काय करणार याची पक्की होती, आणि तेवढी पुरत होती.

तपासणीच्या दिवशी टीलमान रांगेसमोर उभा राहिला. हातात कागद नव्हता. आधी त्यानं कॉपी मशिनच्या इतिहासावर बोलायला सुरुवात केली. मग सत्याऐंशी सालच्या शाळेच्या अडचणींवर. मग ग्रंथ दोनच दिवस कसा मिळाला होता त्यावर. एगोन म्हणाला, "एकेहार्ट, कुणी मेलंय का?"

"पट्टे चुकीचे आहेत," टीलमान म्हणाला. "सगळे. एक सोडून. चूक माझी आहे. मी मोजलं नव्हतं."

मग गलका झाला. विम्याचा एजंट तणतणला, त्यानं गेल्याच वर्षी नवा पट्टा केला होता. रेल्वेवाला म्हणाला, त्याची पोटावरची कड दहा वर्षं टोचतीये आणि एकेहार्ट म्हणायचा रोमन माणूस कण्हत नाही. कुणीतरी फोल्कमारकडून फावड्याचं ऐकलं आणि पहिल्यांदा विश्वासच ठेवला नाही, मग आपल्या पट्ट्यावरचा ओरखडा बोटानं चाचपला. एगोन इतका हसला की त्याला बसावं लागलं. "सदतीस वर्षं!" तो म्हणत होता. "मी तो ओरखडा भिंगातून पाडला रे! भिंगातून!"

"आणि कडीचा लेख?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो लेख," टीलमान म्हणाला, "मागे घेतला."

हशा पिकला. पण त्या हशात दुष्टावा नव्हता. दर महिन्याला सगळ्यांना छळणारा माणूस आज सगळ्यांसारखा झाला होता, आणि लोकांना ते आवडलं होतं. त्यालाही, नाइलाजानं, थोडंसं. रोस्विताला तेवढ्यानं समाधान नव्हतं.

"तंबूचं काय?" तिनं विचारलं.

"तंबू तुझा," टीलमान म्हणाला. आणि 'तुझा' आपल्याच तोंडून गेल्याचं ऐकून दचकला.

"मग तंबूत काय ठेवायचं तेही मी ठरवणार. एक तुमचा पट्टा, एक माझा, शेजारी शेजारी. मध्ये तो कागद. वर लिहिणार, डावा चुकीचा, उजवा बरोबर, कसं ते विचारा."

"अख्ख्या मेळ्यासमोर?"

"अख्ख्या मेळ्यासमोर. नाहीतर इथून पुढची पन्नास वर्षं लोक त्या कागदावरून पट्टे करत राहतील."

मेळ्याच्या दिवशी ऊन होतं. तेवीस सैनिक कूच करत किल्ल्याच्या दारातून आत आले. बावीस पट्टे रुंद, एक अरुंद आणि चांदीसारखा. फोल्कमार मुद्दाम पहिल्या ओळीत. त्याला थोडं उंच झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचा खंजीर नव्या, न घासलेल्या कडीत, आवाज न करता, नीट लटकत होता.

मोचीकामाच्या तंबूबाहेर पाटी होती. रोस्विता कुंकेल, कातडं आणि पितळ. अक्षरं तिनं स्वतः रंगवली होती, मोठी, जवळजवळ उद्धट. दुपारपर्यंत तिथं दगडफेक्या यंत्रापेक्षा जास्त गर्दी झाली. लोकांना बरोबर पट्ट्यापेक्षा चुकीचा पट्टा जास्त आवडला. पोरं बोटं लावून मोजत होती. शाळेतले एक मास्तर कागद बघून हसले आणि लगेच गंभीर झाले, बहुधा त्यांनाही आपल्या कपाटातलं काहीतरी आठवलं असावं. शेजारच्या तुकड्यांतले दोघं आले, कागदाकडे बघत राहिले, मग हळूच आपापल्या कमरेकडे.

रोस्विता सांगत होती. आवाज चढवून, हातात रापी घेऊन, कातडं कापता कापता. कोण होते हे पट्टे करणारे? नाव नाही. सैनिकाच्या थडग्यावर सैनिकाचं नाव, पट्टा सुद्धा कोरलेला. करणाऱ्याचं काही नाही. फक्त त्याचं माप राहिलंय, त्रेचाळीस. तेवढं तरी त्याचं त्याला राहू द्या.

ऊन उतरल्यावर नव्या पट्ट्यांसाठी तुकडीची रांग लागली. एगोन पहिला. त्याला तिनं सांगितलं की चार वर्षांत सगळ्यांचे होतील, घाई करणाऱ्याचा शेवटी. एजंटानं कुरकुर केली, तो शेवटी गेला. रांग संपत आली तेव्हा टीलमान आला. शिरस्त्राण काखेत, जुना पट्टा हातात.

"हे पत्रे कापून लहान करता येतील?"

"पितळ कापता येईल. नक्षी कशी कापणार? नवीनच करावा लागेल."

"बरं. मग घे माप."

ती टेप घेऊन उभी राहिली. सदतीस वर्षं दुसऱ्यांना मोजणारा माणूस हात वर करून, श्वास आत ओढून ताठ झाला.

"पोट सोड, एकेहार्ट," ती म्हणाली. "खोटं माप मी घेत नाही."

त्यानं इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली आणि पोट सोडलं. रोस्वितानं टेप वळवली, आकडा वाचला आणि तंबूबाहेरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितला.